तळटीप १२ : बूटलोडर

१२. बूटलोडर : लिनक्स मेमरीत आणून त्याच्या हाती कारभार सोपवणारा छोटा प्रोग्राम. येथे ‘यू-बूट’ अभिप्रेत. वोल्फगांग डेंक यांच्या ‘पीपीसीबूट’ला हे नाव २००२मध्ये मिळाले. बीगलबोन ब्लॅक या छोट्या संगणक-बोर्डाच्या चिपमधली मेमरी अगदी तोकडी, म्हणून यू-बूट दोन टप्प्यांत चढते. चिपमधला कायमचा कोड आधी मायक्रोएसडी कार्डावरची ‘एमएलओ’ (यू-बूटचा पहिला टप्पा) ही फाइल उचलतो; तिची कमाल मर्यादा १०९ किलोबाइट. ती बाहेरची ५१२ मेगाबाइट मेमरी जागी करते आणि मगच पूर्ण यू-बूट आणते. मुंबईहून धुळ्याला निघालेला प्रवासी वर्षानुवर्षे चाळीसगावला गाडी बदलत आला, तसेच हे. कार्डावरून सुरुवात हवी असेल तर एस-२ बटण दाबून धरूनच वीज द्यावी. नाहीतर बोर्ड ईएमएमसीमधले (बोर्डावरच्याच साठवण-चिपमधले) जुनेच यू-बूट चालवतो. — संपा.