बोलोन्यातील पोर्टिको

उत्तर इटलीतील बोलोन्या शहरात घरांच्या पुढे आलेल्या मजल्यांखाली असलेले स्तंभयुक्त, आच्छादित पदमार्ग. मध्ययुगात विद्यापीठामुळे तेथे विद्यार्थ्यांची वर्दळ वाढली. तटाआड जागा अपुरी पडू लागल्याने घरमालक वरचे मजले लाकडी तुळयांच्या आधारे रस्त्यावर पुढे काढीत. ते फार पुढे आले, की त्यांखाली खांब उभे करावे लागत. त्यामुळे रस्त्यांचा संकोच होई. अन्यत्र असे भाग पाडून टाकण्याकडे कल होता; रोममध्ये पोप चौथा सिक्स्टस (कार. १४७१–८४) याने ते हटविण्यास प्रारंभ केला. बोलोन्याच्या नगरशासनाने मात्र निराळा मार्ग अनुसरला. १२८८ च्या नियमांनुसार नव्या घरांना पोर्टिको बांधणे सक्तीचे झाले. जुन्या घरांनाही तो जोडावा लागला. त्याची किमान उंची सात बोलोन्यी फूट (सु. २·६६ मी.) ठरविण्यात आली. घोडेस्वाराला त्याखालून जाता यावे, हा त्यामागील हेतू होता. पोर्टिकोखालील जमीन खाजगी राहिली व तिची देखभालही मालकाकडेच आली. परंतु तीवरून जाण्याचा हक्क सर्वांना मिळाला. मालकाला वरची खोली व जनतेला ऊनपावसापासून निवारा, असा हा समतोल होता. १५६८ मध्ये लाकडी खांबांऐवजी विटांचे वा दगडी खांब बांधण्याचा हुकूम निघाला. तथापि कासा इझोलानीसारख्या काही घरांचे लाकडी खांब टिकून राहिले. पोर्टिकोंची एकूण लांबी सु. ६२ किमी. असून त्यांतील निवडक भागांचा युनेस्कोने २०२१ मध्ये जागतिक वारसास्थळांत समावेश केला.