सुवर्णकण, गाळणपटल आणि पाण्यातील जिवाणू

१८९२च्या उन्हाळ्याअखेर हॅम्बुर्गमध्ये पटकीच्या साथीत साडेआठ हजारांहून अधिक माणसे दगावली. परंतु त्याच एल्ब नदीचे, हॅम्बुर्गच्या सांडपाण्याने दूषित झालेले पाणी घेणारे शेजारचे आल्टोना बहुतांशी बचावले, कारण तेथे पाणी वाळूच्या थरांतून गाळले जात होते. त्यानंतर गाळलेल्या पाण्याच्या एका मिलिलिटरमध्ये शंभराहून अधिक जिवाणू असू नयेत, असा दंडक रॉबर्ट कॉख यांनी मांडला. मोजणीची रीतही त्यांचीच होती: पाणी जिलेटिनच्या पोषक द्रावणात मिसळून ते गोठू द्यायचे आणि जिवाणूंपासून वाढलेले, डोळ्यांना दिसणारे पुंजके, म्हणजेच वसाहती, मोजायच्या. रीत भरवशाची होती. मात्र वसाहती वाढेपर्यंत दोन-तीन दिवस जात आणि तोवर ते पाणी लोकांच्या पोटात गेलेले असे.

हा विलंब कमी करण्याच्या प्रयत्नांत रिचर्ड झिग्माँडी यांचा वाटा दुहेरी आहे आणि तो एकत्रितपणे पाहिला गेला पाहिजे. व्हिएन्नात जन्मलेल्या या रसायनशास्त्रज्ञाने सोन्याच्या कलिलाचा, म्हणजे पाण्यात न विरघळता विखुरलेल्या अतिसूक्ष्म सुवर्णकणांचा, अभ्यास केला. बाजूने सोडलेल्या प्रकाशात असे कण ठिपक्यांप्रमाणे चमकलेले दिसावेत, यासाठी त्यांनी हाइनरिश झीडेन्टॉप्फ यांच्यासह अतिसूक्ष्मदर्शक घडवला. १९२५चे नोबेल पारितोषिक त्यांना कलिलांवरील संशोधनासाठीच मिळाले. पहिल्या महायुद्धाच्या काळात ग्योटिंगेन येथे त्यांनी विल्हेल्म बाखमान यांच्यासह सेल्युलोजपासून सूक्ष्म छिद्रांचे गाळणपटलही तयार केले. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणीतपासणीत रुळलेल्या या पटलामुळे शंभर मिलिलिटर पाण्यातील जिवाणू एका चकतीवर अडवून ती पोषक माध्यमावर ठेवता येऊ लागली आणि वसाहती साधारण दुसऱ्या दिवशी मोजता येऊ लागल्या.

१९९६मध्ये चॅड मर्किन आणि सहकाऱ्यांनी डीएनएच्या धाग्यांनी सुवर्णकण एकत्र आणले, तेव्हा द्रावणाचा लाल रंग निळसर झाला, कारण कण जवळ आले की त्यांचे प्रकाशशोषण बदलते. याच गुणधर्मावर जिवाणूंचे नॅनोसंवेदक उभे राहिले: ठरावीक जिवाणूला चिकटणारी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, कणांवर बसवली की ते कण जिवाणूच्या पृष्ठभागावर गोळा होतात आणि रंग काही मिनिटांतच पालटू शकतो. तरीही पिण्याच्या पाण्याची कसोटी शंभर मिलिलिटरमध्ये एकही ई. कोलाय नसावा, इतकी कडक आहे. मोजके जिवाणू अशा रंगबदलातून निसटतात, शिवाय क्लोरिनने मेलेला जिवाणूही प्रतिपिंडाला जिवंतासारखाच भासू शकतो. म्हणूनच झटपट उत्तर देणाऱ्या सुवर्णकणांना बहुधा आधी पाणी गाळून जिवाणू एकवटावे लागतात किंवा काही तास वाढवावे लागतात, आणि अधिकृत निर्णयासाठी वसाहतींची मोजणी आजही प्रमाण मानली जाते.