रंगखातं, माटुंगा आणि एक करार

परवा रात्री साडेदहाला भाचीचा फोन. इतक्या उशिरा म्हटल्यावर पोटात गोळाच आला. पण तसं काही नव्हतं.

"मामा, पीएचडीला प्रवेश मिळतोय. पण पैसे एक कंपनी देणार आहे. करारात लिहिलंय की पेपर छापायच्या आधी कंपनीला दाखवायचा, त्यांनी हो म्हटलं तरच छापायचा. सही करू का?"

आता मी कुठला शास्त्रज्ञ? बँकेत आकडेमोड करून निवृत्त झालेला माणूस. पण घरात मोठा, म्हणून विचारलं पोरीने. "दोन दिवस दे," म्हटलं आणि फोन ठेवला. झोप काही लागली नाही. डोक्यात सारखं माटुंगा येत होतं… आणि आमचे धाकटे काका.

काका लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. नखांच्या कडा कायम निळ्या. आई ताट वाढताना म्हणायची, "भावोजी, हात धुवा." ते म्हणायचे, "वहिनी, धुतलेत." रंगाचा घाण कधी बिघडला, कापडावर डाग पडले, की मास्तर म्हणायचा, "युडीसीटीच्या साहेबाला बोलवा." ते साहेब माटुंग्याहून यायचे, काचेच्या नळीत थोडं पाणी घ्यायचे आणि जायचे. काकांना त्याचं भारी कौतुक. म्हणायचे, "आम्ही वीस वर्षं रंग ढवळतोय, पण तो का चिकटतो ते त्यालाच ठाऊक."

हे युडीसीटी म्हणजे मुंबई विद्यापीठाचा रसायन तंत्रज्ञान विभाग. फाइव्ह गार्डनच्या जवळ, व्हीजेटीआयच्या शेजारचा. आज त्याला आयसीटी म्हणतात. त्याची जन्मकथा मोठी बोलकी आहे.

मुंबईच्या गिरण्या लाखो वार कापड विणत होत्या, पण रंग यायचे बाहेरून, मुख्यतः जर्मनीतून. पहिल्या महायुद्धात ती वाट बंद झाली आणि रंगाचे भाव भडकले. यंत्रं आपली, मजूर आपला, पण रंगाचं ज्ञान परक्याचं, हे तेव्हा लोकांना चांगलंच कळलं. तरी काम मार्गी लागायला बरीच वर्षं गेली. १ ऑक्टोबर १९३३ ला विभाग सुरू झाला. त्या वेळचे कुलगुरू विठ्ठल चंदावरकर स्वतः गिरणी व्यवसायातले. त्यांनी विद्यापीठ आणि गिरणीमालक यांची गाठ घातली, देणग्या आल्या. १९४३ मध्ये विभाग माटुंग्याला आपल्या जागेत गेला.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. पैसे गिरण्यांचे होते, त्यामुळे फक्त रंगारी तयार करणारी शाळा काढणं सोपं होतं. पण सुरुवातीपासून दोन विषय होते: वस्त्ररसायन आणि रासायनिक अभियांत्रिकी. पहिला गिरणीच्या आजच्या गरजेचा. दुसरा अशा कारखान्यांसाठी, जे तेव्हा देशात जवळपास नव्हतेच!

पहिले प्रमुख प्रा. फॉर्स्टर इंग्रज होते. १९३८ मध्ये के. वेंकटरामन आले, पहिले भारतीय संचालक. त्यांचं कृत्रिम रंगांच्या रसायनशास्त्रावरचं दोन खंडांचं पुस्तक १९५२ मध्ये निघालं आणि जगभर गाजलं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर तिथल्या कारखान्यांची गुपितं दोस्त राष्ट्रांनी अहवालांतून खुली केली होती. तो माल वेंकटरामन यांनी शास्त्राच्या चौकटीत बसवला. कुलपातलं ज्ञान असं विद्यार्थ्याच्या टेबलावर आलं. पुढे १९५७ मध्ये ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (आपल्या एनसीएलचे) पहिले भारतीय संचालक झाले.

मग १९६४. एम. एम. शर्मा नावाचा युडीसीटीचाच जुना विद्यार्थी केंब्रिजहून डॉक्टरेट करून परतला आणि विद्यापीठाने त्याला थेट प्राध्यापक केलं. वय २७! आपल्याकडे 'ज्येष्ठता' नावाच्या देवाला किती नारळ फोडावे लागतात ते तुम्हाला ठाऊक आहे. त्या काळात एका संस्थेने तरुणावर एवढा विश्वास टाकला, हे मला इमारतींहून मोठं वाटतं. शर्मांनी कारखान्यांना सल्ला दिला आणि त्याच वेळी मूलभूत संशोधनही केलं. कारखान्यात अडलेला प्रश्न वर्गात यायचा आणि त्यातून प्रबंध निघायचे. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. 

त्यांच्या पहिल्या काही विद्यार्थ्यांतले एक रघुनाथ माशेलकर. गोव्यातल्या माशेलचे, गिरगावात अत्यंत गरिबीत वाढलेले. शालान्त परीक्षेनंतर शिक्षण सुटायची वेळ आली तेव्हा सर दोराबजी टाटा ट्रस्टने महिना ६० रुपये दिले. साठ रुपये! त्यावर युडीसीटीची पदवी आणि पुढे १९६९ मध्ये शर्मांकडे डॉक्टरेट. तेही पैसे उद्योगातूनच आलेले, पण देणाऱ्याने 'काय शोधलंस ते आधी मला दाखव' असं म्हटलं नाही. शर्मांचेच विद्यार्थी जे. बी. जोशी आणि जी. डी. यादव पुढे एकापाठोपाठ त्याच संस्थेच्या प्रमुखपदी बसले.

नव्या पेटंट कायद्यात (तो १९७२ मध्ये लागू झाला) औषधं आणि शेतीरसायनं यांच्या पदार्थावर पेटंट मिळेना, फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. म्हणजे नवी पद्धत शोधणाऱ्याला रान मोकळं. त्या रानात उतरायला युडीसीटीची पोरं तयार होती. केकी घरडा कीटकनाशकांत उतरले, अंजी रेड्डी औषधांत. दोघेही इथलेच.

आणि गिरण्या? १९८२ च्या संपाने त्यांची कंबर मोडली. काकांची गिरणीही त्यातच गेली. ज्यांच्या पैशावर संस्था उभी राहिली ते भोंगे थांबले, संस्था मात्र चालू राहिली. नुसता रंगच शिकवला असता तर ती गिरण्यांबरोबरच गेली असती. २००८ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

असो. दोन दिवसांनी भाचीला फोन केला.

म्हटलं, "कंपनीचे पैसे घेण्यात काही वाईट नाही गं. माटुंग्याची वीट न् वीट तशीच उभी राहिली. पण तुझं शिक्षण त्या एका कंपनीपुरतं नको. उद्या ती बंद पडली, विकली गेली, तर तुझ्या हातात छापलेलं काम हवं. पद्धतीचं गुपित त्यांनी ठेवावं, त्यामागचं शास्त्र तुला छापता यावं. आणि 'हो म्हटलं तर' याच्या जागी मुदत लिहून माग. तीन महिने, सहा महिने, काय ते. मुदतीत उत्तर नाही आलं तर छापायला मोकळी."

"आणि ते चिडले तर?"

"तर पाच वर्षं कोणाबरोबर काढायची होती ते आधीच कळेल."

ती हसली. म्हणाली, "मामा, गाईडना विचारते, ते माझ्या बाजूने बोलले तर बरं."

ते मात्र खरं. २७ वर्षांच्या मुलाला प्राध्यापक करणारं कोणीतरी तेव्हा खुर्चीवर बसलेलं होतं. पैसे कोण देतं यापेक्षा ती खुर्ची कोणाच्या बाजूने बोलते, हाच शेवटी प्रश्न.

तिच्या पत्राला उत्तर अजून आलेलं नाही. वाट बघतोय.