एका गोलाचें अंतर



फुटबॉलच्या सामन्यांत एका गोलानें मिळालेला विजय फार फसवा असतो. जिंकलेल्या पक्षाच्या चाहत्यास वाटतें, आमचें कौशल्य श्रेष्ठ ठरलें. हरलेल्यास वाटतें, आमचें दैव आड आलें. आणि दोघांचेंहि म्हणणें थोडेंफार खरें असतें. मी स्वतः चाहत्यांच्या वर्गांत मोडतों, हें आरंभींच सांगून टाकतों. शाळकरी वयांत मुंबईस कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषकाचे सामने पाहावयास मी जात असें. तेथें हिरव्या आणि गर्द तांबड्या रंगाचा सदरा घातलेला कलकत्त्याचा मोहन बागान संघ प्रथम पाहिला, आणि तेव्हांपासून त्याचा झालों. मराठी माणसानें बंगाली संघाचा एवढा अभिमान कां बाळगावा, असें वडील विचारीत. त्यांना मी त्या वेळीं उत्तर देऊं शकलों नाहीं.

मोहन बागान क्लबची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ रोजीं झाली. चार वर्षांनीं, १८९३ मध्यें, इंडियन फुटबॉल असोसिएशनची शील्ड स्पर्धा सुरू झाली. नांव इंडियन खरें. पण ती ढाल पहिलीं अठरा वर्षें गोर्‍या हातांतून गोर्‍या हातांतच फिरत राहिली. कधीं ती एकाद्या पलटणीकडे असे, कधीं कलकत्त्याच्या साहेबी क्लबाकडे. १९०८ पासून सलग तीन वर्षें ती गॉर्डन हायलँडर्सच्या पलटणीनें राखली होती. देशी संघानें पलटणीस हरविणें अगदींच अश्रुत नव्हतें. १८९२ सालींच ट्रेड्स कपाच्या स्पर्धेंत शोभाबाजार क्लबनें ईस्ट सरे पलटणीला नमविलें होतें. परंतु एक सामना जिंकणें निराळें आणि शील्ड जिंकणें निराळें.

काळहि ध्यानांत घ्यावयास हवा. १९०५ मध्यें बंगालची फाळणी झाली होती. स्वदेशीची चळवळ होऊन गेली होती. बंगाली माणूस देहानें दुबळा, असें मेकॉलेसारख्या इंग्रजांनीं लिहून ठेविलें होतें, आणि पुष्कळ बंगाल्यांना तें मनांतून खरेंहि वाटूं लागलें होतें. अशा वेळीं १९११ च्या जुलैंत शिवदास भादुरीच्या नेतृत्वाखालीं हा संघ शील्डच्या मैदानांत उतरला. सेंट झेवियर्स संघाला त्यांनीं ३-० असें हरविलें, रेंजर्सना २-१, रायफल ब्रिगेडला १-०. मिडलसेक्स पलटणीशीं उपांत्य सामना १-१ असा बरोबरींत सुटला, तो पुन्हां खेळविला गेला, आणि त्यांत ते ३-० असे जिंकले. ह्या आंकड्यांकडे जरा पाहावें. सहजासहजीं कोणीहि लोळलेलें नाहीं असे सामने यांत किती आहेत! दोनदां तर एका गोलाच्या आधारावर ही मंडळी पुढें सरकली.

अंतिम सामना २९ जुलै १९११ रोजीं, शनिवारीं, ईस्ट यॉर्कशायर पलटणीबरोबर कलकत्ता फुटबॉल क्लबच्या मैदानावर झाला. खास आगगाड्या व आगबोटी सोडल्या गेल्या. साठ हजारांवर माणूस जमलें म्हणतात. त्यांतील बहुतेकांना मैदान दिसणें शक्यच नव्हतें. कित्येक झाडांवर चढले, आणि दूर उभ्या असलेल्यांना गोलांची संख्या कळावी म्हणून ती लिहून पतंग उडविण्यांत येत होते. पतंगाकडे डोळे लावून फुटबॉलचा सामना पाहाणार्‍या त्या माणसांचा मला नेहमीं हेवा वाटतो. मध्यंतरापर्यंत गोल नाहीं. उत्तरार्धांत पलटणीच्या जॅक्सननें फ्री किकवर गोल केला, आणि आकाशांत काय पतंग चढला असेल त्याची कल्पना करावी! वेळ फार उरला नव्हता. मग शिवदासानें स्वतः गोल करून बरोबरी साधली. आणि शेवटच्या अवघ्या कांहीं मिनिटांत त्यानेंच पुढें नेऊन दिलेल्या चेंडूवर अभिलाष घोषानें दुसरा गोल मारला. दोनास एक.

अभिलाषाचा तो चेंडू खांबाला लागून परतला असता तर? आम्हां चाहत्यांना हा प्रश्न आवडत नाहीं. पण इतिहास शिकविणार्‍यानें तो टाळूं नये. सामना पुन्हां खेळला गेला असता, आणि कदाचित् आज मी दुसर्‍याच विषयावर बोलत असतों. १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकमध्यें आपला संघ, बहुतेक खेळाडू अनवाणी असतां, फ्रान्सकडून २-१ असाच हरला. त्या दिवशीं आपल्याला मिळालेल्या दोन पेनल्टी वायां गेल्या होत्या. अंतर तेंच, एका गोलाचें. त्या सामन्याचा वार्षिक दिवस कोणी पाळीत नाहीं. २९ जुलै मात्र मोहन बागान दिन म्हणून पाळला जातो.

विजय जितका थोडक्यांत, तितक्या त्याच्याभोंवतीं दंतकथा अधिक. ह्या पराभवामुळें इंग्रजांनीं राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस हलविली, असें सांगणारे आहेत. राजधानी बदलण्याची आणि फाळणी रद्द करण्याची घोषणा १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारांत झाली हें खरें. परंतु त्याचा विचार सरकारी पत्रव्यवहारांत सामन्यापूर्वींच सुरू झालेला होता. एका चेंडूला इतकें ओझें वाहावयास लावूं नये. दुसरी कथा अशी कीं, सामन्यानंतर कोणा एकानें फोर्ट विल्यमवरील निशाणाकडे बोट करून विचारलें, तें केव्हां उतरणार. तर उत्तर मिळालें, बागान पुन्हां शील्ड जिंकेल तेव्हां. मोहन बागाननें पुन्हां शील्ड जिंकली ती नेमकी १९४७ सालीं! कथा इतकी सुरेख जमते कीं, ती मागाहून जुळविली असावी असा मला दाट संशय आहे.

तिसरी दंतकथा मीं स्वतः पसरविली. तिच्याविषयीं जरा विस्तारानें सांगणें प्राप्त आहे. आमच्या शाळेंतील मुलें गरीब घरचीं. एका स्पर्धेंत, बूट नाहींत म्हणून, संयोजकांनीं त्यांना मैदानांत पाऊल टाकूं दिलें नाहीं. मुलें माघारीं आलीं. त्या संध्याकाळीं वर्गांत बसवून मीं त्यांना सांगितलें, "अरे, अकरा अनवाणी पोरांनीं गोर्‍या पलटणीला हरविलें होतें." पुढें दरवर्षीं हीच गोष्ट सांगत आलों. मुलांच्या माना ताठ होत, आणि मला बरें वाटे.

पुढें वाचनांत आलें कीं, अनवाणी दहाच होते. सुधीर चतर्जी हा बचाव सांभाळणारा खेळाडू बूट घालून खेळला. तो ख्रिस्ती, पुढें धर्मोपदेशक झाला. आणि बाकीचे दहा जण केवळ दारिद्र्यामुळें अनवाणी होते असेंहि नव्हे. कोरड्या मैदानावर उघड्या पायाची चेंडूवर पकड चांगली असते. चिखल झाला कीं बूटवाल्याचें फावतें. त्यांना तशी संवय होती, तसें त्यांना आवडे. माझ्या मुलांपाशीं बूट नव्हतेच. ह्या दोन गोष्टी मीं एकत्र बांधल्या होत्या.

त्याच उन्हाळ्यांत पतियाळाच्या महाराजांचा हिंदी क्रिकेटसंघ इंग्लंडांत बहुतेक सामने हरत होता. पण पळवणकर बाळू ह्या आपल्या मराठी गोलंदाजानें त्या दौर्‍यांत शंभरावर गडी टिपले. चर्मकार जातीच्या ह्या बाळूला पुण्यास चहाच्या वेळीं मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यांतून चहा देत. शिवदासाच्या संघाची गोष्ट मीं वर्गांत वीस-पंचवीस वेळां तरी सांगितली असेल. बाळूची एकदांहि नाहीं. मैदानाबाहेर ठेवलेल्या त्या मुलांना कोणती अधिक जवळची वाटली असती, हें मला आतां कळतें.

मोहन बागान संघ १९२३ सालीं मुंबईस रोव्हर्स चषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत आला आणि डरहॅम लाइट इन्फन्ट्रीकडून हरला. रोव्हर्स त्यानें प्रथम जिंकली ती १९५५ मध्यें. ती स्पर्धाहि आतां बंद पडली आहे.

गेल्या पावसाळ्यांत त्या संघांतील एक मुलगा भेटावयास आला. मुलगा कसला, केंस पिकूं लागलेला गृहस्थ. आपल्या नातेवाइकांच्या पोरांना तो अजून अकरा अनवाणी वीरांची गोष्ट सांगतो, असें म्हणाला. मीं चूक कबूल केली. सुधीर चतर्जीचें नांव सांगितलें. त्यानें थोडा विचार केला. तो बचावांतच खेळत असे.

"गुरुजी," तो म्हणाला, "दहा उघड्या पायांत एक बूटवाला! आपल्याच गड्यांचे पाय तुडविले नाहींत ना त्यानें?"

तसें कोठें लिहिलेलें मला आढळलें नाहीं, असें मीं त्याला सांगितलें.