पहिला डिजिटल एसएलआर आणि जुनी भिंगे

२००३ साली दिल्लीचे ख्यातनाम छायाचित्रकार रघू राय ‘जिओ’ या नियतकालिकाच्या कामासाठी मुंबईत होते. १९६० च्या दशकापासून फिल्मवर काम करत आलेल्या राय यांनी या कामात निकॉन डी१०० हा डिजिटल एसएलआर हाती घेतला. त्या क्षणानंतर फिल्मकडे परतणे आपल्याला जमले नाही, असे त्यांनी पुढे सांगितले. साठीला पोहोचलेल्या, मॅग्नमसारख्या जागतिक संस्थेत १९७७ पासून नाव असलेल्या छायाचित्रकाराने आपले साधन बदलावे, ही साधी घटना नव्हती. त्या निवडीमागे विज्ञानाचा तीन दशकांहून अधिक काळाचा प्रवास उभा होता.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विलर्ड बॉयल आणि जॉर्ज स्मिथ यांनी सीसीडीची कल्पना मांडली. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळे होतात. ते सूक्ष्म कप्प्यांत साठवायचे आणि एका कप्प्यातून दुसऱ्यात सरकवत शेवटी मोजायचे, हे तिचे सूत्र. याच कामासाठी दोघांना २००९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला. १९७५ मध्ये कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्ह सॅसन यांनी सीसीडीवर चालणारा कॅमेरा जुळवला. त्याचे चित्र जेमतेम १०,००० बिंदूंचे होते आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. हे कप्पे केवळ प्रकाशाचे प्रमाण मोजतात, रंग ओळखत नाहीत. त्यावर कोडॅकच्याच ब्राइस बेयर यांनी तोडगा काढला. त्यांनी कप्प्यांवर तांबड्या, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी बसवली आणि हिरव्यांची संख्या दुप्पट ठेवली, कारण मानवी डोळा प्रकाशाचा तपशील प्रामुख्याने हिरव्यातून टिपतो. या जाळीचे पेटंट १९७६ चे आहे.

भारताची या तंत्राशी ओळख छायाचित्रकारांच्या आधी अवकाश शास्त्रज्ञांमुळे झाली. १७ मार्च १९८८ रोजी बैकानूरहून प्रक्षेपित झालेल्या आयआरएस-१ए या उपग्रहाच्या कॅमेऱ्यांत प्रत्येकी २०४८ घटकांच्या सीसीडी रांगा होत्या. शेते, जंगले आणि जलाशय यांची चित्रे आकड्यांच्या रूपात जमिनीवर उतरत होती. त्या काळात वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराचा दिवस मात्र अंधाऱ्या खोलीत रसायनांच्या वासातच मावळत असे.

ही दरी हळूहळू भरत गेली. १९९१ मध्ये कोडॅकने निकॉन एफ३ च्या देहावर १.३ मेगापिक्सेलचा संवेदक बसवला. चित्रे साठवणारी पेटी वेगळी असे आणि ती खांद्याला अडकवून फिरावे लागे. १९९९ मध्ये निकॉनचा डी१ आला, २.७ मेगापिक्सेलचा. २००२ मध्ये ६ मेगापिक्सेलचा डी१०० आला आणि नियतकालिकाचे पान भरेल एवढे चित्र तुलनेने आवाक्यातल्या यंत्रातून निघू लागले.

दिल्लीत कॅमेऱ्यांची खरेदी म्हटली की चांदणी चौकातला कुचा चौधरी बाजार. तेथील काचेच्या कपाटासमोर उभ्या राहिलेल्या ग्राहकाला पहिला मोह मेगापिक्सेलच्या आकड्याचा होई. परंतु फिल्मवर घडलेल्या व्यावसायिकाचा खरा प्रश्न वेगळा होता: आयुष्यभर जमवलेल्या भिंगांचे काय होणार? निकॉनचे भिंग अडकवायचे कडे १९५९ पासून मूळ मापाचेच राहिले होते. त्यामुळे जुनी भिंगे नव्या देहावर बसत. बसत असली तरी सगळी पूर्ण चालत नसत. हाताने फोकस करायच्या जुन्या भिंगांबरोबर डी१०० चा प्रकाशमापक काम करत नसे. शिवाय त्याचा संवेदक ३५ मिमी फिल्मच्या चौकटीहून लहान असल्याने चित्राच्या कडा कापल्या जात. २४ मिमीचे भिंग ३६ मिमीच्या भिंगासारखे दिसे. चावडी बाजारच्या अरुंद गल्लीत उभे राहून दोन्ही बाजूंच्या भिंती एका चौकटीत घेणाऱ्यासाठी हा फरक म्हणजे हातातील एक साधन गमावण्यासारखा होता.

प्रकाशाची सवयही बदलावी लागली. निगेटिव्ह फिल्म अति प्रकाशाला बरीच सहनशील असते. पांढरी भिंत जळाल्यासारखी वाटली तरी तिच्यात तपशील शिल्लक राहतो. सीसीडीचा कप्पा मात्र भरला की भरला, पुढचा प्रकाश नोंदलाच जात नाही. मे महिन्याच्या दुपारी दिल्लीच्या उन्हात याची प्रचीती लगेच येई. धुळीचा त्रास तर फिल्मच्या छायाचित्रकाराला जवळपास अपरिचित होता. फिल्मची चौकट प्रत्येक चित्राला नवी येते. संवेदक तोच राहतो, आणि आंधीच्या दिवशी भिंग बदलताना त्यावर बसलेला कण पुढच्या प्रत्येक चित्रात त्याच जागी डाग उमटवतो. दुरुस्तीचाही विचार आलाच, कारण निकॉनची स्वतःची भारतीय कंपनी गुरगावला स्थापन झाली ती २००७ मध्ये.

एवढ्या अडचणी असूनही निवड डिजिटलच्या बाजूने झुकली, कारण काय टिपले गेले ते छायाचित्रकाराला त्याच जागी दिसू लागले. फिल्मवर काम करताना दृश्य आणि त्याची खात्री यांच्यामध्ये काही तासांचे, कधी काही दिवसांचे अंतर असे. १९८४ च्या डिसेंबरात राय यांनी भोपाळमध्ये मातीआड होणाऱ्या अनाम बालकाचा चेहरा टिपला तेव्हा फिल्म धुऊन होईपर्यंत चित्र आले की नाही हे कळण्याचा मार्ग नव्हता.

त्याच फिल्मने मात्र एक गोष्ट न मागता दिली होती: टिकाऊ पुरावा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाई व्यारावाला १९४२ मध्ये दिल्लीला गेल्या आणि सत्तांतराच्या काळातील राजधानी त्यांनी टिपली. १९७० च्या सुमारास त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला. पुढे त्यांचा संग्रह दिल्लीच्या अल्काझी फाउंडेशनकडे आला आणि २०१० मध्ये त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. निगेटिव्ह उजेडासमोर धरले की साठ वर्षांनंतरही माणसे दिसतात, त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

डिजिटल फाइलचे तसे नाही. २००३ च्या कार्डावरील चित्र आज पाहायचे तर ते वाचणारे साधन हवे, फाइल उलगडणारी प्रणाली हवी आणि मधल्या काळात कोणीतरी ती एका डिस्कवरून दुसरीवर नेलेली हवी. एका पिढीनेही यात हयगय केली तर विसाव्या शतकातील दिल्लीपेक्षा एकविसाव्या शतकातील दिल्लीचीच चित्रे कमी उरतील. आजही पहिला एसएलआर घेणारा भिंगे, संवेदक आणि किंमत यांची तुलना करतो. चित्रांच्या दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवण्याचा खर्चही त्याच हिशेबात धरायला हवा.