शिशाची 'नॉर्मल' पातळी कोणी ठरवली?

गेल्या वर्षीची गोष्ट. बॅटरी दुरुस्तीचे छोटे वर्कशॉप चालवणारे एक गृहस्थ आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आले. मुलगा नीट जेवत नाही, अधूनमधून पोट दुखते म्हणतो, किरकिर करतो आणि अंगात रक्त कमी. अशा तक्रारींची मुले दवाखान्यात रोजच येतात, पण वडिलांचा धंदा ऐकून मी रक्तातल्या शिशाची तपासणी करायला सांगितली. रिपोर्ट आला: १२ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. शेजारी लॅबने छापले होते, '१० पर्यंत नॉर्मल'.

"दोनच पॉइंट जास्त आहे ना, डॉक्टर? म्हणजे विशेष काही नाही?"

प्रश्न साधा होता, पण उत्तर देताना मी जरा अडखळलो. मी १९८७ साली एमबीबीएसला प्रवेश घेतला तेव्हा जगभर ज्या अमेरिकन मर्यादेचा आधार घेतला जाई ती २५ होती. म्हणजे या मुलाचा रिपोर्ट तेव्हा अगदी नॉर्मल ठरला असता. १९९१ मध्ये ती मर्यादा १० वर आली. १९६० च्या दशकात ती ६० होती. २०१२ मध्ये ५ झाली आणि २०२१ पासून ३.५ आहे. एवढ्या काळात मुलांची शरीरे बदलली नाहीत. मग आकडा एवढा का घसरला?

त्याचे उत्तर पेट्रोलच्या इतिहासात आहे. (आधी एक खुलासा, कारण पालक हमखास विचारतात: शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते. मुलाने पेन्सिल चघळली म्हणून घाबरू नका.)

शिसे शरीराला कोणत्याच कामासाठी लागत नाही. पण शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते, हाडांत साठवते आणि मेंदूपर्यंत पोहोचू देते. रक्तातले हिमोग्लोबिन बनवण्याच्या कामातही ते अडथळा आणते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठी माणसे साधारण दहावा हिस्सा शोषून घेतात, तर लहान मुले जवळजवळ निम्मे. अंगात लोह कमी असेल तर आणखी जास्त. शिसे विषारी आहे हे हजारो वर्षांपासून माहीत होते. तरीही विसाव्या शतकात ते मुद्दाम पेट्रोलमध्ये घालून जगातल्या प्रत्येक रस्त्यावर फवारले गेले.

डिसेंबर १९२१ मध्ये जनरल मोटर्स कंपनीच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली या इंजिनिअरला आढळले की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग थोडेसे मिसळले की इंजिनाचे 'नॉकिंग', म्हणजे आतले ठोके, थांबतात. अल्कोहोल मिसळूनही ते थांबत, हे त्यांना ठाऊक होते. पण अल्कोहोल कोणीही बनवू शकतो, त्याचे पेटंट घेता येत नाही. शिशाच्या संयुगात मात्र पैसा होता. फेब्रुवारी १९२३ पासून ते 'एथिल' या नावाने विकले जाऊ लागले. नावातून 'लेड' हा शब्द काढून टाकला होता हे लक्षात घ्या. त्याच वर्षी खुद्द मिजली शिशाच्या विषबाधेतून बरे होण्यासाठी फ्लोरिडाला विश्रांतीला गेले होते.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे संयुग बनवणारे कामगार एकाएकी भ्रमिष्ट झाले. काही दिवसांत पाच जण दगावले आणि तिसाहून अधिक जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. दुसऱ्या एका कंपनीच्या कारखान्यातले मजूर हवेत नसलेले किडे पकडायचे, म्हणून त्या इमारतीला 'फुलपाखरांचे घर' हे नाव पडले होते. वर्तमानपत्रांत गदारोळ झाला, न्यूयॉर्क शहराने या पेट्रोलवर बंदी घातली. तेव्हा मिजलींनी पत्रकारांसमोर ते द्रव हातांवर चोळले आणि मिनिटभर हुंगून दाखवले. आज असा व्हिडिओ कोणी टाकला तर तोही फॉरवर्ड होत आपल्यापर्यंत येईल! मिनिटभर हुंगल्याने काय होते आणि वीस वर्षे हुंगल्याने काय होते, हे दोन अगदी वेगळे प्रश्न आहेत. (याच मिजलींनी पुढे फ्रिजमधला, ओझोनच्या थराला भोके पाडणारा वायूही शोधला. असो.)

आता मुद्द्याच्या दिवसाकडे येऊ. २० मे १९२५. अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे तिथल्या सरकारच्या प्रमुख आरोग्य अधिकाऱ्यांनी, वॉशिंग्टनला बैठक बोलावली. एका बाजूला कंपन्या, दुसऱ्या बाजूला अॅलिस हॅमिल्टन आणि येल विद्यापीठाचे यांडेल हेंडरसन असे वैद्यक आणि शरीरशास्त्राचे जाणकार. डॉ. हॅमिल्टन या कारखान्यांतल्या आजारांच्या त्या काळातल्या सर्वांत मोठ्या अभ्यासक होत्या. त्यांचे म्हणणे होते की कारखान्यातल्या कामगाराला वाचवता येईल, पण रस्त्यावर धुरातून बाहेर पडणाऱ्या शिशापासून सगळ्या लोकांना कसे वाचवणार? एथिल कंपनीच्या प्रतिनिधीने उलट या द्रव्याला देवाची देणगी म्हटले. प्रगती थांबवायची असेल तर आधी नुकसान सिद्ध करा, असा एकूण सूर होता.

सात तज्ज्ञांची समिती नेमली गेली. तिला अवघे काही महिने मिळाले. २५२ माणसे तपासली गेली, त्यात ड्रायव्हर, गॅरेजवाले असे लोक होते. जानेवारी १९२६ मध्ये अहवाल आला की बंदी घालण्यासारखे सबळ कारण सध्या दिसत नाही. पण अहवाल तिथे थांबला नव्हता. शिशाचा परिणाम दीर्घकाळाने दिसू शकतो, म्हणून सरकारने अभ्यास चालू ठेवावा, असेही समितीने बजावले होते. अहवालाचा पहिला भाग लगेच अमलात आला. दुसऱ्या भागासाठी सरकारने पैसा दिला नाही.

तो अभ्यास मग उद्योगाने स्वतःच्या पैशाने केला. सिनसिनाटी विद्यापीठातल्या केटरिंग प्रयोगशाळेचे डॉ. रॉबर्ट केहो हे एथिल कंपनीचे वैद्यकीय संचालकही होते. पुढची जवळपास चाळीस वर्षे शिशाबद्दलचा 'शास्त्रीय' शब्द त्यांचा होता. त्यांचा सिद्धांत असा: शिसे निसर्गातच असते, त्यामुळे प्रत्येक माणसाच्या शरीरात ते थोडे असणारच, शरीर ते बाहेर टाकते, आणि रक्तात ८० मायक्रोग्रॅमपर्यंत कोणताही धोका नाही. हे सिद्ध करण्यासाठी ते मेक्सिकोच्या खेड्यात गेले, जिथे मोटारी नव्हत्या. तिथल्या शेतकऱ्यांच्या शरीरातही शिसे सापडले. पण ते शेतकरी ज्या मातीच्या भांड्यांतून जेवत होते त्या भांड्यांच्या चकाकीतच शिसे होते. म्हणजे तुलनेसाठी घेतलेली 'स्वच्छ' माणसेच स्वच्छ नव्हती.

केहोंना सरसकट खलनायक ठरवणे मला पटत नाही. त्यांनी घालून दिलेल्या नियमांमुळे कारखान्यांतली विषबाधा कमी झाली, मोजमापेही ते काटेकोरपणे घेत. पण प्रश्न कोणता विचारायचा आणि कोणता विचारायचा नाही, हे पगार देणाऱ्याच्या सावलीत ठरत होते. औषध कंपन्यांच्या खर्चाने होणाऱ्या परिषदांना मीही गेलेलो आहे, टेबलावर त्यांचीच कॅलेंडरे ठेवलेली आहेत, त्यामुळे ही सावली कशी असते ते थोडेफार जाणतो.

या सिद्धांताला धक्का दिला तो डॉक्टरने नव्हे. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनशास्त्रज्ञ पृथ्वीचे वय काढत होते. त्यासाठी उल्केतले अगदी सूक्ष्म शिसे मोजायचे होते. मोजायला जावे तर आकडा दर वेळी भलताच मोठा! हवेत, पाण्यात, काचेच्या भांड्यांत, स्वतःच्या केसांत आणि कपड्यांवर सगळीकडे शिसे. त्यांनी प्रयोगशाळा घासूनपुसून, हवा गाळून इतकी स्वच्छ केली की मग पृथ्वीचे वय मिळाले, सुमारे ४५५ कोटी वर्षे. तो निष्कर्ष १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादा असता तर पुढचे आयुष्य त्या कीर्तीवर काढले असते. पॅटरसनना मात्र वेगळाच प्रश्न सतावू लागला: इतके शिसे आले कुठून?

१९६५ साली त्यांनी लिहिले की अमेरिकन माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट आहे. केहो ज्याला 'नॉर्मल' म्हणत ते फक्त 'सर्वत्र आढळणारे' होते. आम्हा डॉक्टरांना हा फरक शिकवतात, पण आम्ही तो सहज विसरतो. गावातल्या प्रत्येकाला जंत असतील तर जंत सामान्य होतात, निरोगी नव्हे. पॅटरसननी पुढे ग्रीनलंडच्या बर्फाचे जुने थर तपासले. औद्योगिक युगात शिसे कसे वाढत गेले ते त्यांत थरावर थर साठलेले होते. पेरूमधल्या १६०० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यांच्या हाडांत तर आधुनिक माणसाच्या मानाने शिसे नगण्यच निघाले.

बक्षीस काय मिळाले? पेट्रोलियम उद्योगाकडून येणारा संशोधनाचा निधी बंद झाला. हवेतल्या शिशावर १९७१ मध्ये अहवाल देणाऱ्या राष्ट्रीय समितीत त्यांना घेतले नाही. त्या विषयातला त्यांच्याइतका जाणकार दुसरा नव्हता.

आता गंमत पाहा. अमेरिकेत शिशाविना पेट्रोल आले त्याचे पहिले कारण मुलांचा मेंदू हे नव्हते. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यामुळे १९७५ पासून नव्या गाड्यांना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवावे लागले, आणि शिसे त्या यंत्राला निकामी करते. ज्या जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत शिशाचा शोध लागला होता, तिलाच आता ते नको झाले. यंत्र बिघडते हे चटकन मान्य झाले. माणूस बिघडतो हे मान्य व्हायला पन्नास वर्षे लागली.

तो पुरावाही पाठोपाठ आला. १९७९ मध्ये बालमानसतज्ज्ञ हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवून त्यांतले शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांचा बुद्ध्यांक सरासरी चार-साडेचार गुणांनी कमी होता. यातले एकही मूल आजारी म्हणून दवाखान्यात गेलेले नव्हते. एका मुलात चार गुणांनी काय होते, असे वाटेल. पण सगळ्या शहराची सरासरी चार गुणांनी खाली सरकली की वर्गात मागे पडणारी मुले कितीतरी वाढतात आणि फार हुशार मुले कितीतरी घटतात. नीडलमन यांच्यावर पुढे संशोधनात लबाडी केल्याचा आरोप झाला, त्यांची अनेक महिने चौकशी चालली आणि ते निर्दोष सुटले.

८० च्या दशकाच्या सुरुवातीला रेगन सरकारने उद्योगांवरचे नियम सैल करायला घेतले, त्यात शिशाचा नियमही होता. त्याच सुमारास देशभरातल्या रक्ततपासणीचे आकडे हाती आले: १९७६ ते १९८० या काळात लोकांच्या रक्तातले शिसे सुमारे ३७ टक्क्यांनी घटले होते, आणि पेट्रोलमधले शिसे जसे कमी झाले तसतशी ही घट झाली होती. दोन रेघा जवळजवळ एकमेकींवर बसत होत्या. सैल करायचा नियम उलट कडक झाला. उपचार, विशेष शिक्षण, गाड्यांची देखभाल यांवरचा वाचणारा खर्च नियमाच्या खर्चापेक्षा मोठा आहे, हे अर्थशास्त्रज्ञांनी मांडून दाखवल्याचाही त्यात वाटा होता. १९९६ पासून तिथे रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल पूर्ण बंद झाले.

आपल्याकडे हवेच्या प्रदूषणाचा प्रश्न वकील एम. सी. मेहता यांनी सर्वोच्च न्यायालयात लावून धरला. १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई या चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले, तेही कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्यांसाठी. इथेही आधी यंत्रच! सगळ्या देशात ते १ फेब्रुवारी २००० पासून झाले. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईसह काही शहरांत झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिक मुलांच्या रक्तात १० पेक्षा जास्त शिसे आढळले होते. बंदीनंतर मुंबईत पुन्हा तपासले तेव्हा हे प्रमाण सुमारे एक तृतीयांशावर आले होते. जगातला शेवटचा देश होता अल्जीरिया. तिथला साठा जुलै २०२१ मध्ये संपला. मिजलींच्या प्रयोगाला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे होत आली होती.

पेट्रोल गेले तरी शिसे संपलेले नाही. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात ते ५ पेक्षा जास्त आहे. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर वितळवणे हे मोठे कारण. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू आहे, पण त्याआधीचे रंग भिंतींवर आणि खिडक्यांवर अजून आहेत. देवाला लावायचा पारंपरिक शेंदूर हे शिशाचेच ऑक्साइड आहे. पितळेच्या भांड्यांना कल्हई शुद्ध कथलाची हवी. स्वस्तात करणारा त्यात शिसे मिसळू शकतो. हळद जास्त पिवळी दिसावी म्हणून शिशाचा रंग घातला जातो. बांगलादेशात संशोधकांनी हे दाखवून दिल्यावर सरकारने २०१९ मध्ये बाजारात छापे घातले आणि लोकांना जागे केले. तेव्हा हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे होते. २०२१ मध्ये एकातही नव्हते. दोन वर्षांत!

त्या मुलाच्या वडिलांना मी यातले थोडेसेच सांगितले. कामाचे कपडे वर्कशॉपमध्येच बदला, हातपाय धुऊन मग मुलाला उचला, बॅटऱ्या घरी आणू नका, घर ओल्या फडक्याने पुसा. मुलाला लोहाचे औषध सुरू केले. नाचणी, दूध आणि पालेभाज्या वाढवायला सांगितल्या. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले. आकडा ९ आला. लॅबच्या कॉम्प्युटरने या वेळी तो ठळक अक्षरांत छापला नव्हता, शेजारी '१० पर्यंत नॉर्मल' तसेच होते. वडील खूश झाले.

मी त्यांना आणखी तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितले आहे.