पुराची खूण



सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. पावसाळ्यात सगळ्या गावाचं लक्ष त्याच्याकडे, कारण पाण्याची पातळी तिथे मोजतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका.

२००५ च्या महापुरात पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं. नदीकाठच्या घरांत तीच खूण मनात पक्की बसली. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढू लागलं, तेव्हा अनेकांनी सामान त्या खुणेच्या वर ठेवलं आणि निर्धास्त झाले. पाणी ५७ फुटांवर गेलं. मी कॉमर्सची, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगते : मागचा सर्वांत मोठा खर्च ही पुढची मर्यादा नसते.

८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बायका-मुलंही बुडाली. बोटीची वेळ येण्याआधीच घर सोडता आलं पाहिजे, हे तेव्हापासून माझ्या मनात आहे.

चातुर्मासात मुनिमहाराज आणि आर्यिका माताजी एका जागी थांबतात. आपण संसारी, पाणी आलं की आपल्याला हलावंच लागतं. म्हणून आषाढाआधीच एका पिशवीत कागदपत्रं, औषधं, पाण्याचं गाळणं आणि दिवस मावळायच्या आत खाता येईल असा कोरडा शिधा भरून ठेवा. काठावर राहत असाल तर इशारा मिळताच, उजेड असतानाच निघा. निघताना गॅस आणि मेन स्विच बंद करा.

भांडीकुंडी पुन्हा घेता येतात. जीवदयेत आपला आणि घरच्या म्हाताऱ्या माणसांचा जीवही येतो.